वाफेची बोट विकत घ्यायची की बनवायची? अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांची गोष्ट

महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईनगरच्या जत्रेत किंवा आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या जत्रेत तुम्ही ती पत्र्याची छोटी होडी पाहिली असेल. परातीत पाणी, पाण्यात होडी आणि होडीच्या पोटात तेलाची वात. वात पेटवली की थोड्या वेळाने फटफट आवाज करत होडी परातीत गोल फिरायला लागते. लहानपणी बहुतेकांनी ती घरी आणून उघडून पाहिली असेल आणि मोडूनही टाकली असेल.

आत असतं काय? पत्र्याचा एक चपटा डबा आणि मागे पाण्यात सोडलेल्या दोन नळ्या. डब्यातलं पाणी तापतं, त्याची वाफ होते, वाफ नळीतलं पाणी जोरात मागे ढकलते आणि होडी पुढे सरकते. वाफ थंड झाली की नळीतून पुन्हा पाणी आत येतं. बस, एवढंच!

ही होडी विकत घेणं सोपं आहे. पण तशीच होडी स्वतः बनवून पाहा, दुसऱ्याच दिवशी सांधा गळायला लागेल. विकत घेणं आणि बनवणं यातलं हे अंतर कापण्यात एका माणसाने आयुष्य घालवलं. त्यांचं नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते पहिले भारतीय फेलो. आज त्यांचीच गोष्ट पाहू.

गोष्ट सुरू होते तापीच्या मुखाशी

चांगदेवला तापी आणि पूर्णेचा संगम होतो. तिथून तापी पश्चिमेला निघते. भुसावळ, यावल, चोपडा मागे टाकत ती धुळे जिल्ह्यात शिरते. मुडावदजवळ पांझरा तिला येऊन मिळते. पुढे प्रकाशा, मग गुजरात आणि शेवटी सुरत.

आपल्या भागात या नदीवर आगबोट कधी चाललीच नाही, आणि त्याला कारण आहे. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहणारी तापी उन्हाळ्यात पार रोडावायची. मध्ये खडक, उथळ जागा, धारा. मोठी नाव चालेल एवढं खोल पाणी फक्त सुरतेजवळ, जिथे भरतीचं पाणी नदीत शिरतं तिथे.

त्याच सुरतेत पारशी सुतारांची जहाजं बांधायची परंपरा होती. त्यांच्यातले लवजी नसरवानजी हे कारागीर १७३६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईला आले. वाडिया म्हणजे जहाज बांधणारा. हेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. मुंबईच्या गोदीत या घराण्याने पिढ्यानपिढ्या सागवानी जहाजं बांधली. १८१७ मध्ये इथे बांधलेलं त्रिंकोमाली हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. दोनशे वर्षांहून जुनं सागवान, विचार करा!

याच घराण्यात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीर यांचा जन्म झाला. वडील कर्सेटजी गोदीतच काम करायचे. मुलगाही किशोरवयातच गोदीत गेला. त्याचे हात लाकडावर शिकत होते, पण त्याचं लक्ष होतं वाफेकडे.

ह्यू लिंडसे: कोळशाखाली दबलेली बोट

अर्देशीर २१ वर्षांचे असताना त्यांच्या डोळ्यांसमोर एक मोठी घटना घडली. मुंबईच्या गोदीत ह्यू लिंडसे नावाची आगबोट तयार झाली. ४११ टनांची ही बोट त्यांचेच नातलग नौरोजी जमशेदजी यांनी बांधली. आत ८०-८० अश्वशक्तीची दोन इंजिनं होती. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझला निघाली. मुंबईहून वाफेवर तांबड्या समुद्रातून सुएझ गाठणारी ही पहिली बोट.

ही बोट चालायची कशी? दोन्ही बाजूंना एकेक मोठं चाक आणि चाकाला फळ्या. आपल्याला पाणचक्की माहीत आहे. तिथे पाणी चाकाला फिरवतं. इथे उलटं, चाक पाण्याला मागे ढकलतं आणि बोट पुढे जाते. चाक फिरवायला बॉयलरमधली वाफ. वाफ सिलिंडरमध्ये शिरते, पिस्टन हलवते, पिस्टनची पुढे-मागे हालचाल क्रँकमुळे गोल फिरण्यात बदलते आणि मधला जाड दांडा दोन्ही चाकं फिरवतो.

नदीसाठी ही रचना झकास. चाकाचा फक्त खालचा भाग पाण्यात असतो, त्यामुळे उथळ पाण्यातही बोट चालते. समुद्रात मात्र तीच अडचण होते. लाट आली आणि बोट कलली की एक चाक खोल बुडतं, दुसरं हवेत फिरतं.

खरं दुखणं होतं कोळशाचं. ह्यू लिंडसेमध्ये साधारण साडेपाच दिवसांचा कोळसा मावायचा आणि पहिला थांबा एडन, तिथे पोहोचायला लागले ११ दिवस! मग काय, केबिनमध्ये कोळसा, डेकवर कोळसा, मिळेल त्या जागी कोळसा. एवढ्या वजनाने बोट खाली बसली की चाकंही गरजेपेक्षा खोल जाणार आणि इंजिनावर ताण येणार. कोळसा जळत गेला की बोट वर उचलली जाणार आणि चाकांना पाणी कमी पडणार. म्हणजे एकाच प्रवासात चाकांची खोली रोज बदलत होती.

तरीही ३३ व्या दिवशी बोट सुएझला पोहोचली. प्रयोग जमला.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. बोट मुंबईत बांधलेली होती, इंजिनं मात्र इंग्लंडहून आलेली होती. शरीर इथलं, काळीज तिथलं. अर्देशीर यांच्या पुढच्या सगळ्या खटाटोपाची किल्ली या वाक्यात आहे.

घरामागचं इंजिन आणि माझगावचे दिवे

अर्देशीर यांनी सुरुवात घरापासून केली. त्यांनी स्वतः एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन बनवलं आणि त्यावर विहिरीचं पाणी उपसून बागेत कारंजं उडवलं. आज रावेरच्या केळीच्या बागेवरची साधी मोटर पाच अश्वशक्तीची असते, त्यामुळे हा आकडा किरकोळ वाटेल. पण तेव्हा हातात काय होतं? सिलिंडर हवा तसा गोल कातून देणारं दुकान नाही, तयार नट-बोल्ट नाहीत, गळती थांबवायला रबरी वॉशर नाहीत. प्रत्येक तुकडा ओतायचा, घासायचा, बसवून पाहायचा, नाही बसला तर पुन्हा ओतायचा.

१८३३ मध्ये, पंचविशीत, त्यांनी इंडस नावाचं ६० टनांचं छोटं जहाज बांधलं आणि त्यात इंग्लंडहून मागवलेलं इंजिन बसवलं. इंडस म्हणजे सिंधू नदी. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

१८३४ मध्ये माझगावच्या बंगल्यात आणि बागेत त्यांनी गॅसचे दिवे लावले. कोळसा बंद भांड्यात तापवायचा, त्यातून निघणारा वायू स्वच्छ करून नळ्यांतून फिरवायचा आणि टोकाला पेटवायचा. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर स्वतः हे पाहायला आले. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे यायला त्यानंतर ३० वर्षं लागली.

लंडन आणि रॉयल सोसायटी

१८३९ मध्ये ते वाफेची विद्या शिकायला इंग्लंडला निघाले. मुंबईहून आगबोटीने तांबडा समुद्र, मग जमिनीवरून इजिप्त आणि पुन्हा समुद्र, असा तो प्रवास. सुएझ कालवा अजून ३० वर्षं दूर होता. तिथे त्यांनी गोद्या पाहिल्या, इंजिनांचे कारखाने पाहिले, इंजिनिअरांशी ओळखी केल्या. प्रवासाची त्यांची रोजनिशी १८४० मध्ये लंडनला छापली गेली.

२७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडलं. न्यूटन जिचे अध्यक्ष होते, तीच ही संस्था. यानंतर दुसऱ्या भारतीयाला हा मान मिळाला १९१८ मध्ये आणि ते होते श्रीनिवास रामानुजन. मध्ये ७७ वर्षं गेली. मुंबईच्या शाळेत पोरांना रामानुजन माहीत असतात, अर्देशीर मात्र क्वचितच. यात पोरांचा दोष नाही.

साहेबांवर साहेब

निवड झाली तेव्हा ते मुंबईत परतलेही होते. कंपनीच्या आगबोट कारखान्याचे मुख्य अभियंता आणि यंत्र निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हाताखाली युरोपियन इंजिनिअर, बॉयलर बनवणारे, फिटर. गोऱ्यांवर हुकूम चालवणारा एतद्देशीय माणूस ही तेव्हा न पचणारी गोष्ट होती. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रातून त्यावर टीकाही झाली.

त्यांनी उत्तर कामातून दिलं. आणि काम अवघडच होतं. उदाहरणार्थ बॉयलर. त्या काळी समुद्रात बॉयलरमध्ये खारंच पाणी वापरावं लागायचं. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. आतल्या पत्र्यावर क्षारांचा थर चढतो. जळगाव-धुळ्याकडे बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तसंच, पण कितीतरी जाड. थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, कोळसा जास्त लागतो आणि पत्रा तापून लाल होतो. तो पत्रा फुगला, फाटला, तर माणसं मरतात. म्हणून ठराविक वेळाने खारट पाणी बाहेर सोडायचं, नवं घ्यायचं, बंदरात आल्यावर थर खरवडायचा. बोटी सुखरूप परत येतील की नाही, हे या रोजच्या निगराणीवर अवलंबून होतं आणि त्याची जबाबदारी अर्देशीर यांच्या कारखान्यावर होती.

लवजी फॅमिली: काळीजही इथलंच

१८५१ मध्ये त्यांनी माझगावला एक आगबोट पाण्यात सोडली. नाव ठेवलं लवजी फॅमिली. सुरतेहून आलेल्या पूर्वजाला तो नमस्कार होता. या बोटीचं वैशिष्ट्य आकारात नव्हतं. तिच्या इंजिनाचे सुटे भाग अर्देशीर यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते. ह्यू लिंडसेनंतर २१ वर्षांनी शरीरही इथलं आणि काळीजही इथलं.

मग मुंबईत आगबोटींची इंजिनं धडाधड बनायला लागली का? नाही. एक इंजिन बनवता येणं आणि शंभर इंजिनं स्वस्तात बनवणं यात फार फरक आहे. स्वस्त लोखंड आणि स्वस्त कोळसा इंग्लंडमध्ये होता. जहाजांचे सांगाडेही लाकडाऐवजी लोखंडाचे होऊ लागले होते, म्हणजे सागवानातलं वाडियांचं पिढीजात कौशल्यच मागे पडत चाललं. चाकांच्या जागी पाण्याखालचा पंखा आला. आणि ऑर्डर कोणाला द्यायची हे कंपनी सरकार ठरवत होतं. एकट्या माणसाचं कौशल्य या सगळ्याला पुरं पडणारं नव्हतं. तरीही इथे हे बनू शकतं, ही गोष्ट सिद्ध झाली होती.

अर्देशीर मात्र नवं शोधत राहिले. ते अमेरिकेलाही जाऊन आले आणि तिथून लाकूडकामाची यंत्रं मुंबईला पाठवली. शिवणयंत्र, फोटोग्राफी, विजेचा वापर करून धातूवर मुलामा चढवणं, अशा गोष्टी मुंबईत आणणाऱ्या पहिल्या लोकांत त्यांचं नाव घेतलं जातं.

पुन्हा इंडस

१८५७ मध्ये ते निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. १८६१ मध्ये ते सिंधमध्ये कोटरीला गेले. कराचीहून कोटरीपर्यंतची रेल्वे त्याच वर्षी सुरू झाली होती. तिथून वर मुलतानकडे माल आणि माणसं न्यायची ती सिंधू नदीतून, चाकांच्या आगबोटींनी. या ताफ्याच्या यंत्रांची आणि कारखान्याची जबाबदारी अर्देशीर यांच्याकडे आली.

सिंधू म्हणजे गाळ, सरकणारी वाळूची बेटं, दरवर्षी बदलणारा प्रवाह. काल जिथे खोल पाणी होतं तिथे आज बोट रुतणार. उथळ पाण्यात चालणारी चाकांची बोट इथेच कामाची. पंचविशीत ज्यांनी आपल्या पहिल्या बोटीला इंडस नाव दिलं, त्यांची शेवटची मोठी नोकरी त्याच नदीवर झाली.

१८६३ मध्ये ते यातूनही मोकळे झाले आणि इंग्लंडला राहायला गेले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी लंडनजवळ रिचमंड इथे त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी सिंधूच्या काठाने रेल्वे सुरू झाली आणि नदीवरच्या आगबोटींचे दिवस भरले.

भारतीय टपाल खात्याने २७ मे १९६९ रोजी त्यांच्यावर तिकीट काढलं. तारीख बघा, रॉयल सोसायटीत निवड झाली तोच दिवस.

खान्देशात वाफ कशी आली?

आपल्याकडे वाफ पाण्यातून नाही, रुळांवरून आली. १८६० च्या दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोहोचली. चाळीसगाव-धुळे गाडी १९०० मध्ये सुरू झाली. भुसावळच्या लोको शेडमध्ये पिढ्यानपिढ्या माणसं बॉयलर खरवडत आली, फिटरची कामं शिकत आली. तुमच्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी तिथे असेल, तर त्यांच्या हातांना जे ठाऊक होतं तेच अर्देशीर यांच्या हातांना ठाऊक होतं. वाफ, क्षार, गळती आणि धीर.

२० मार्च २०३० ला ह्यू लिंडसेच्या त्या पहिल्या प्रवासाला २०० वर्षं होतील. त्या दिवशी मुलांना घेऊन तापीच्या किंवा गिरणेच्या काठावर जा. मार्चमध्ये पाणी कमी असेल, पण डबक्याएवढं पुरतं. जत्रेतली होडी सोडा, पण विकत आणलेली नको. तांब्याची नळी, मेणबत्ती आणि पत्र्याचा डबा घेऊन घरीच बनवा. वातीपाशी मोठ्या माणसाने बसा आणि नळीची टोकं बंद करू नका, वाफेला बाहेर पडायला वाट हवीच.

पहिली होडी गळेल. दुसरीही बहुतेक गळेल. तिसरी चालली तर तिला नाव द्यायला विसरू नका.