शिरढोणच्या कारकुनाचे दप्तर

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी जुलै महिन्यात शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन मी गावाहून पनवेलला येत होते. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, दोन फोटो आणि तीन पेने असा सगळा संसार साडीच्या दुकानातून मिळालेल्या पिशवीत कोंबला होता. एस. टी. स्थानकावर उतरले, आणि पनवेलचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नकोच. पिशवीचा बंद तुटला, कागद चिखलात पडले, आणि रात्री जागून जेल पेनाने भरलेल्या अर्जावरून निळे ओघळ वाहू लागले. गुणपत्रिका तेवढी वाचली, कारण ती शेजारच्या ताईने दिलेल्या जुन्या फाईलीत होती. अर्ज पुन्हा भरावा लागला. मुदत संपायला एकच दिवस उरला होता.

घरी हे सांगितले तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत. ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल चढवतात, चौथीपर्यंत शिकले आहेत, आणि कागदाच्या बाबतीत सहसा बोलत नाहीत. आजी मात्र बोलली. तिने पणजोबांची गोष्ट सांगितली. पणजोबा दुसऱ्याच्या जमिनीत कूळ होते. खंड भरल्याच्या पावत्या त्यांनी वेळूच्या नळकांड्यात घालून चुलीच्या वर आढ्याला खोचून ठेवल्या होत्या, का तर धुराच्या जागी वाळवी येत नाही. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. पणजोबांनी नळकांडे खाली काढले तर आत भुसा निघाला. नळकांड्याला खालच्या अंगाने भोक पडले होते. जमीन दुसऱ्याच्याच नावावर राहिली. तेव्हापासून आमच्या घरात कागद या वस्तूचा धाक आहे.

त्याच आठवड्यात सरांनी वर्गात सांगितले की वार्षिक अंकासाठी आपल्या तालुक्यातल्या एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहा. आमची एस. टी. रोज शिरढोणवरून येते. एका अंगाला कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसत राहतो. पनवेलच्या नाट्यगृहाला वासुदेव बळवंत फडके यांचेच नाव आहे. त्यांचे टपाल तिकीट १९८४ साली निघाले, २००७ साली चित्रपट आला. चित्रात बघावे तर भरदार दाढी, पिळदार शरीर, करारी डोळे. मी ग्रंथालयातून वि. श्री. जोशी यांनी लिहिलेले चरित्र आणले. माझ्या डोक्यात भिजलेला अर्ज घोळत होता म्हणून असेल, पण वाचताना मला बंदुकीपेक्षा लेखणी आणि कागदच जास्त दिसू लागले.

वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोणला झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि घरात उरल्या त्या गोष्टी. नातवाच्या मनावर त्या गोष्टींचा ठसा उमटला असणारच, पण पोट गोष्टींवर भरत नाही. इंग्रजी शिक्षण अर्धवट टाकून ते मुंबईला नोकरीला लागले. आधी रेल्वेची कचेरी, मग आणखी एकदोन ठिकाणे, आणि अखेर लष्करी हिशेबाचे खाते. त्याच खात्यातून ते पुण्याला गेले आणि तिथे वर्षानुवर्षे त्यांनी कारकुनी केली. आद्य क्रांतिवीर हा आधी कारकून होता, ही गोष्ट आपण भाषणात फार लवकर उरकून टाकतो.

इथे थोडे विषयांतर करते. कागद आणि लेखणी नेण्या-ठेवण्याच्या वस्तूंना मराठीत किती जुने शब्द आहेत! कलमदान म्हणजे लेखणी-दौतीची पेटी. खलिता ही मुळात पत्र घालण्याची थैली, पुढे त्या पत्रालाच लोक खलिता म्हणू लागले. पेशव्यांच्या दप्तरातले कागद ज्या कापडात बांधतात त्याला रुमाल म्हणतात, आणि आजही अभ्यासक रुमाल क्रमांक सांगून कागद मागतात. दप्तर म्हणजे सरकारी कागदपत्रे, आणि पहिलीतल्या पोराच्या पाठीवरची पिशवीही दप्तरच. इंग्रजी कचेरीने त्यात लाल फितीची भर घातली. वासुदेव बळवंत या दोन जगांच्या सांध्यावर बसलेले कारकून होते. घरी मराठीचा रुमाल, कचेरीत साहेबाची लाल फीत.

त्या फितीचा अनुभव त्यांना लौकरच आला. १८७० च्या सुमारास शिरढोणला आई आजारी असल्याचे कळले. त्यांनी रजेचा अर्ज केला. रजा वेळेवर मिळाली नाही आणि ते घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठी पुन्हा रजा मागितली, तीही नाकारली गेली. हजारो अर्ज स्वतः नोंदवणाऱ्या माणसाचा स्वतःचा एक कागद साहेबाच्या टेबलावर अडून राहिला. चरित्रात हा प्रसंग राष्ट्रीय संतापाची ठिणगी म्हणून येतो आणि तो तसा असेलही. मला मात्र तो आधी एका मुलाचा वाटतो.

नोकरी चालू असतानाच त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी शस्त्रविद्या घेतली. न्यायमूर्ती रानडे यांच्या व्याख्यानांतून देशाची संपत्ती कशी बाहेर चालली आहे हे ऐकले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन काढली, तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी गोपिकाबाईंशी लग्न केले आणि त्यांना घोड्यावर बसायला व शस्त्र चालवायला शिकवले. व्याख्यानांत एवढेच सांगतात. पण त्यांनी पत्नीला लिहा-वाचायलाही शिकवले. ज्या काळात बाईच्या हाती लेखणी दिली तर घरावर अरिष्ट येते असे मानत, त्या काळातली ही गोष्ट आहे. माझी आई अजून अंगठा उठवते, म्हणून हे वाक्य मी दोनदा वाचले.

मग दुष्काळ आला. १८७६ ते १८७८ ही तीन वर्षे दख्खनला फार वाईट गेली. वासुदेव बळवंत गावोगाव हिंडले, भुकेने मेलेली माणसे त्यांनी पाहिली. शिकलेल्या लोकांना त्यांनी उठावाची हाक दिली, पण ते जागचे हलले नाहीत. साथ दिली ती रामोशी, कोळी, मांग अशा लोकांनी. २३ फेब्रुवारी १८७९ रोजी शिरूर तालुक्यातल्या धामारी गावी पहिला दरोडा पडला. पैसा उभा करून फौज जमवायची आणि इंग्रजी राज्य मोडायचे, असा तो हिशेब होता. हाती लागलेली रक्कम अगदी बेताची होती.

दरोडे घालणारे पुष्कळ होऊन गेले. पण हा माणूस जाहीरनामे काढत होता. शेतसारा कमी करा, लोकांना कामे द्या, युरोपियन अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार उतरवा, अशा मागण्या कलमवार लिहून त्याने सरकारला धाडल्या. सरकारने त्याच्यावर इनाम लावले तेव्हा त्याने उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांच्यावर इनाम जाहीर केले. डोंगरात बसूनही त्याचा हात कारकुनाचा राहिला.

मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक यांच्या टोळीने आपल्याच पनवेलजवळ पळस्पे आणि चिखली येथे मोठी लूट केली. पळस्पे फाट्यावर गाडीची वाट बघताना हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. लगेच झालेल्या चकमकीत दौलतराव मारले गेले आणि उठावाचा कणाच मोडला. वासुदेव बळवंत तेव्हा दूर कृष्णाकाठी श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या देवळात होते. तिथे त्यांनी आत्मचरित्र लिहिले. रोजनिशीही ते ठेवत असत. ज्याच्या मागावर पलटणी आहेत त्याने कागद बाळगू नये, हे शहाणपण पोरासोरालाही सुचेल. त्यांनी बाळगले. त्या दिवसांत वाटसरू कागद मेणकापडात गुंडाळून, वरून फडके बांधून नेत. शाईची कुपी उभी राहावी म्हणून तिला वेगळी गाठ मारत. हे सगळे सांभाळत रोज नवा मुक्काम करायचा म्हणजे काय, हे एका पिशवीत दमलेल्या मला थोडेसे कळते.

पुढे हैदराबाद संस्थानात रोहिले जमवण्याची त्यांनी खटपट केली. मेजर डॅनियल मागावर होताच. २० जुलै १८७९ रोजी देवर नावदगी येथे, तापाने फणफणून झोपलेले असताना ते पकडले गेले. त्यांची रोजनिशी आणि आत्मचरित्र सरकारच्या हाती पडले आणि पुण्याच्या खटल्यात तेच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचले गेले. सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी, वकीलपत्र घेतले, पण आरोपीच्या स्वतःच्या अक्षरापुढे वकील काय करणार? जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि त्यांना एडनला नेले. तिथल्या कोठडीचे दार बिजागरीतून उखडून ते एकदा पळालेसुद्धा, पण लगेच सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगातच त्यांचा अंत झाला. वय अवघे सदतीस.

ते कागद मात्र सरकारी दप्तरात राहिले. मुंबई सरकारने स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाची साधने म्हणून जो पहिला खंड काढला, त्यात ते छापले गेले. खंडाचे साल १९५७. ज्या वर्षी पणजोबांच्या नळकांड्यातून भुसा निघाला, त्याच वर्षी. हे साल वाचले तेव्हा मी ग्रंथालयात पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

आता माझ्या खरेदीकडे येते. बाबांनी पैसे दिले आणि मी पनवेलच्या बाजारात चार दुकाने हिंडले. बटणाची प्लास्टिक फाईल स्वस्त, पण तिच्या पातळ पारदर्शक पाकिटाला झेरॉक्सची अक्षरे चिकटून निघतात, हे मैत्रिणीच्या दाखल्यावरून पाहिलेले. रेक्झिनचे फोल्डर रुबाबदार दिसते, पण दोन उन्हाळ्यांत त्याचे पापुद्रे निघतात. पत्र्याची कंपासपेटी टिकाऊ खरी, पण एस. टी.त खडखड वाजते आणि पेनांची टोके आपटतात. शेवटी मी आजीची चंची मागून घेतली. पान, सुपारी, चुना, तंबाखू यांना वेगवेगळे कप्पे, गुंडाळून दोरी बांधली की सुपारीचे खांडसुद्धा बाहेर पडत नाही. बाजारात छत्र्या, चपला आणि बॅगांच्या चेनी दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांना ती दाखवली. त्यांनी ती उलटी करून आधी आतली शिवण पाहिली आणि मला सांगितले की पिशवी घेताना नेहमी उलटी करून बघत जा, वरून सगळ्याच चांगल्या दिसतात. कोपऱ्याला दुहेरी टाके हवेत, बंद जिथे जोडला तिथे चौकोनी शिवण हवी, आणि चेनीवर झाकण येईल अशी पट्टी हवी, कारण पाणी शिरते ते चेनीतूनच.

त्यांनी जाड ताडपत्री कापडाची एक थैली शिवून दिली. आत पुठ्ठा, कागदांसाठी दोन खण, आणि पेनांसाठी चंचीसारखी गुंडाळायची पट्टी. रंग मातकट आहे. वर्गात दोघीतिघी हसल्या, नंतर त्यातल्या एकीने काकांचा पत्ता विचारला.

परवा रात्री बाबांनी पेटीतून घराचे सगळे कागद काढले. रेशन कार्ड, वीज बिले, आईच्या दवाखान्याची चिठ्ठी, आणि सगळ्यांत खाली वहीच्या पानात घडी करून ठेवलेली, काठ कुरतडलेली एक अर्धी पावती. नळकांड्यातून तेवढी एकच हाती लागली होती. तिच्यावरचे मोडी अक्षर घरात कोणालाच वाचता येत नाही. बाबांनी सगळे माझ्यापुढे सरकवले आणि थैलीत ठेवायला सांगितले. पावती मी वेगळ्या खणात ठेवली आहे. सोमवारी इतिहासाच्या सरांना दाखवायला नेणार आहे, त्यांना मोडी येते.