पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : एका आईची श्रद्धा

॥ श्री ॥

उल्हास नदीच्या काठी वसलेल्या आपल्या मोहने गावी दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळ जण पुढे टिटवाळ्याच्या महागणपतीस जातात. कोणी पंढरपूर, जेजुरी, वेरूळ, तर कोणी काशी, गया, सोमनाथ अशी मोठी यात्रा करून आलेले असतात. या यात्रामार्गांवर घाट, धर्मशाळा, विहिरी आणि मंदिरे यांच्या रूपाने एक नाव पुन्हा पुन्हा भेटते. ते नाव म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. राज्यकर्त्या म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु त्या एक आई होत्या, आजी होत्या, आणि त्यांच्या हयातीतच त्यांचे घर रिकामे होत गेले, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. देवस्थानच्या या पुस्तिकेत त्याच बाजूने त्यांचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

जन्म आणि विवाह

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. स्त्रियांना अक्षरओळख करून देण्याची रीत नसलेल्या त्या काळात त्यांनी आपल्या कन्येस लिहावयास-वाचावयास शिकविले. १७३३ च्या सुमारास सुभेदार मल्हारराव होळकर यांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी तिचा विवाह झाला आणि एका खेड्यातील पाटलाची लेक माळव्यातील मोठ्या सरदार घराण्याची सून झाली. सासूबाई गौतमाबाई यांच्या देखरेखीखाली तिने घर, देवघर आणि हिशेब ही तिन्ही कामे आत्मसात केली. पुढे मालेराव हा पुत्र आणि मुक्ताबाई ही कन्या झाली.

वैधव्य आणि सासऱ्यांचा शब्द

१७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव धारातीर्थी पडले. अहिल्यादेवी त्या वेळी अवघ्या २८-२९ वर्षांच्या होत्या आणि दोन्ही मुले लहान होती. तत्कालीन रूढीप्रमाणे त्यांनी सती जाण्याचा निश्चय केला. पुत्रशोकाने खचलेल्या मल्हाररावांनी सुनेची विनवणी केली. गेलेला मुलगा परत येणार नव्हता. निदान सुनेने तरी आपला आधार व्हावे, असे त्यांनी तिला कळवळून सांगितले. अहिल्यादेवींनी सासऱ्यांचा शब्द मानला. त्यानंतर मल्हाररावांनी सुनेवर फौजेची रसद, तोफखान्याची तयारी, महसूल अशी जबाबदारीची कामे सोपविली आणि ती कामे त्यांनी चोख पार पाडली.

मे १७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले. नातू मालेराव गादीवर आला, परंतु वर्षभराच्या आतच, १७६७ मध्ये, तोही आजारपणात मरण पावला. एकुलता एक मुलगा गमावलेल्या आईस शोक करण्यासही उसंत मिळाली नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाच्या नावाखाली सत्ता आपल्या हाती घेण्याचा घाट घातला आणि राघोबादादा फौजेसह माळव्याकडे निघाले. अहिल्यादेवींनी युद्धाची सिद्धता केली आणि शेजारच्या मराठा सरदारांना साहाय्यास बोलाविले. अखेर राघोबादादांना माघार घ्यावी लागली. थोरल्या माधवराव पेशव्यांनी राज्यकारभार अहिल्यादेवींकडेच राहील असा निर्णय दिला. टिटवाळ्याच्या मंदिराशी ज्यांचे नाव आपल्या परिसरातील परंपरा जोडते, तेच हे माधवराव पेशवे.

फौजेचा कारभार अहिल्यादेवींनी तुकोजी होळकर यांच्याकडे दिला. तुकोजी वयाने त्यांच्याहून थोडे मोठे, तरीही ते त्यांना आईच्याच ठिकाणी मानीत आणि मातोश्री म्हणत.

महेश्वरची दिनचर्या

अहिल्यादेवींनी नर्मदाकाठचे महेश्वर आपली राजधानी केले. पहाटे स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म आणि त्यानंतर दरबार असा त्यांचा नित्यक्रम होता. मातीची शिवलिंगे करून त्यांची पूजा करण्याचा लिंगार्चनाचा जो प्रघात त्यांनी चालविला, तो महेश्वरात आजही पाळला जातो. दरबारात सामान्य रयतेला थेट त्यांच्यासमोर येऊन गाऱ्हाणे मांडता येत असे. महेश्वरी लुगड्यांच्या विणकामास त्यांनी आश्रय दिला आणि त्यावर अनेक कुटुंबांची चूल पेटू लागली.

धर्मकार्याचा पैसा

दानशूर भाविकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे त्यांच्या धर्मकार्याचा पैसा कोठून येई. १७३४ मध्ये पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे काही गावे व उत्पन्न स्वतंत्रपणे लावून दिले होते. यास खासगी म्हणत. गौतमाबाईंच्या पश्चात ही खासगी अहिल्यादेवींकडे आली. देवालये, घाट आणि अन्नछत्रे यांचा खर्च त्या प्रामुख्याने या खासगीतून करीत. राज्याचा खजिना वेगळा आणि आपला धर्मादाय वेगळा, ही मर्यादा त्यांनी सांभाळली.

काशीचे विश्वनाथ मंदिर त्यांनी १७८० मध्ये बांधून पूर्ण केले. सोमनाथास मूळ मंदिराच्या भग्नावशेषांजवळ त्यांनी नवे मंदिर उभारले. गयेच्या विष्णुपद मंदिराचे बांधकाम १७८७ चे. वेरूळचे घृष्णेश्वर, काशीचा मणिकर्णिका घाट, जेजुरीचा तलाव, पंढरपूरचा होळकर वाडा अशी ही यादी लांबत जाते. यांतील कित्येक ठिकाणे होळकरांच्या राज्यात नव्हती. तेथील यात्रेकरू त्यांची प्रजाही नव्हते. तरीसुद्धा त्यांच्या डोक्यावर छप्पर असावे, ही काळजी त्यांनी वाहिली.

यात्रेकरूंची वाट निर्धोक व्हावी म्हणून त्यांनी डोंगरी भागातील भिल्लांशी समेट केला. प्रवाशांकडून भिलकवडी नावाचा अल्पसा कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला आणि त्या बदल्यात वाटसरूंच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. उन्हाळ्यात रस्तोरस्ती पाणपोया असत. नांगरास जुंपलेल्या बैलांनाही शेतावर जाऊन पाणी पाजण्यासाठी माणसे नेमलेली असत. पाखरांनी पोटभर दाणे टिपावेत म्हणून उभ्या पिकाची शेते विकत घेऊन राखून ठेवल्याचीही नोंद आहे.

लेक आणि नातू

मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांचा पुत्र नथ्याबा हा आजीच्या मायेचा एकमेव विसावा होता. उतारवयात हा नातू डोळ्यांसमोर वाढताना पाहणे, एवढेच सुख त्यांच्या वाट्यास उरले होते. परंतु नथ्याबा तरुणपणीच गेला. त्यानंतर सुमारे वर्षभरात, १७९१ मध्ये, जावई यशवंतरावही निवर्तले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरविले.

एके काळी मल्हाररावांनी सुनेस जशी विनवणी केली होती, तशीच विनवणी आता अहिल्यादेवींनी लेकीस केली. या वृद्ध आईस एकटी टाकून जाऊ नये म्हणून त्यांनी तिच्यापुढे पदर पसरला. त्या स्वतः सासऱ्यांच्या शब्दाखातर मागे फिरल्या होत्या. लेक मात्र फिरली नाही. पती आणि पुत्र दोघेही गेल्यावर आपल्या जगण्यास अर्थ उरला नाही, असे तिचे म्हणणे होते. हजारोंना न्याय देणाऱ्या या राज्यकर्तीस आपल्या पोटच्या मुलीस वाचविता आले नाही. नर्मदेच्या काठी त्यांना दोघांनी धरून उभे केले होते. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही आणि एक शब्दही उच्चारला नाही. ही क्रूर प्रथा पुढे १८२९ मध्ये कायद्याने बंद झाली. तोवर अशा किती मातांनी हे दुःख सोसले असेल, याची गणती नाही.

तीन दिवसांनंतर त्या उठल्या. गेलेल्यांच्या स्मरणार्थ त्यांनी एक स्मारक बांधविले आणि पुन्हा दरबारात येऊन बसल्या. पूजा, दानधर्म आणि रयतेची गाऱ्हाणी हा क्रम पुढे चालू राहिला. देवाने आपले सर्वस्व नेले म्हणून त्यांनी देवघराचे दार बंद केले नाही, की परक्या यात्रेकरूसाठी उघडलेली धर्मशाळाही बंद केली नाही. अहिल्यादेवींच्या श्रद्धेची खरी कसोटी काशी-सोमनाथाच्या शिखरांपेक्षा या चौथ्या दिवशी लागली, असे आम्हांस वाटते.

अखेर

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, महेश्वर येथे अहिल्यादेवींचे देहावसान झाले. त्यांनी सुमारे २८ वर्षे राज्य केले. त्यांच्या मागे ना मुलगा उरला, ना मुलगी, ना नातू. तथापि काशीच्या घाटावर उतरणारा, गयेस पितरांचे श्राद्ध करणारा, जेजुरीच्या तलावाकाठी क्षणभर टेकणारा प्रत्येक भाविक त्यांच्या मायेच्या छायेत आहे.

भाविकांनी पुढील यात्रेत एखाद्या जुन्या घाटाच्या पायरीवर बसावे, तेव्हा या माउलीचे स्मरण अवश्य करावे. आपल्या हातून जे दान घडेल, ते मोठे असो वा लहान, ते तहानलेल्या, थकलेल्या आणि अनोळखी वाटसरूपर्यंत पोहोचावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥