सतरंज्या नव्हे, उशा नव्हे, सेकंद मोजणारे सॅबिन

पेण किंवा रोह्यात घरातलीच एक खोली मोकळी करून भजने, गाणी ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्याला पहिला त्रास होतो तो आवाज घुमण्याचा. माइक चांगला, स्पीकर नवे, तरी शब्द एकमेकांत मिसळतात. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली हीच अडचण होती. फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात एकेक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे आणि तेवढ्यात पुढचे डझनभर शब्द त्यावर येऊन आदळत. ही खोली सुधारण्याचे काम वॉलेस क्लेमंट सॅबिन या भौतिकशास्त्राच्या तरुण अध्यापकाकडे आले. जन्म १८६८, ओहायो. पदवी अठराव्या वर्षीच.

जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या सॅबिन रात्री या खोलीत आणवत. ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. रस्त्यावरचा गोंगाट थांबला की काम सुरू होई आणि सकाळच्या आत गाद्या परत जात. आपल्या अंगावरचे कपडेही थोडा आवाज शोषतात हे लक्षात आल्यावर त्यांनी आधीची मोजमापे बाद केली आणि पुढे ठरावीकच कपडे घालून प्रयोग केले. इतका काटेकोरपणा आज विक्षिप्त वाटेल, पण सूत्र त्यातूनच निघाले.

शोषणाचे माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी घेतली, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. खोलीचे घनफळ जितके जास्त तितका आवाज जास्त रेंगाळतो. शोषण वाढले की कमी. साडेतीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तितकीच उंच खोली घ्या. सिमेंटचा गिलावा आणि लादी आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात, असे धरले तर तो पावणेतीन सेकंदांहून अधिक घुमेल. दहा चौरस मीटर उघड्या खिडकीइतके शोषण वाढवले, तर अर्ध्या सेकंदाच्या आत. जाड कापसाच्या गाद्या भिंतीला टेकवल्या तरी फरक कळतो.

मात्र हे सूत्र मोठ्या सभागृहांत जास्त खरे ठरते. लहान खोलीत खर्जाचे वेगळेच चालते. साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत ५० हर्ट्झच्या आसपासचा सूर एका जागी फुगतो, दुसऱ्या जागी गायब होतो. पातळ फोमने त्याला काही होत नाही. कोपऱ्यांत जाड रॉकवूल लागते. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढून दोन्ही स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण करावा.

सॅबिन यांच्या गणिताने आधीच तपासलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजी उघडले; जगातल्या उत्तम सभागृहांत ते आजही गणले जाते. पहिल्या महायुद्धातल्या कामांत मात्र त्यांनी स्वतःच्या प्रकृतीची हेळसांड केली. मूत्रपिंडाच्या दुखण्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर, १० जानेवारी १९१९ रोजी, पन्नासाव्या वर्षी ते गेले. इलिनॉय राज्यातल्या जिनीव्हा गावी त्यांच्यासाठी बांधलेली रिव्हरबँक प्रयोगशाळा त्यांना वापरता आली नाही. त्यांचे नातेवाईक पॉल सॅबिन यांनी ती पुढे चालवली. शोषणाच्या एककाला आता सॅबिन म्हणतात.