कोळसा, वीज आणि बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव निघाले की राज्यघटना, महाडचे चवदार तळे आणि नागपूरची दीक्षाभूमी आठवते. देशाच्या खाणी आणि वीज एकेकाळी त्यांच्या खात्यात होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. जुलै १९४२ ते जून १९४६ अशी जवळजवळ चार वर्षे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. हे खाते केवळ पगार आणि संप यांच्यापुरते नव्हते. पाटबंधारे, वीज, खाणी आणि सार्वजनिक बांधकाम हे विषयही त्याच खात्याकडे होते. देशाला ऊर्जा कुठून मिळणार आणि त्याची किंमत कोणाचे शरीर मोजणार, हे दोन्ही प्रश्न त्यांच्या टेबलावर एकाच वेळी आले.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला पाण्याच्या नळाला हात लावायला बंदी होती. मुंबईत सकपाळ कुटुंब परळच्या चाळीत राहत असे, म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यांच्या आणि धुराड्यांच्या वस्तीत. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले शिक्षण संपवून मोठा अर्थतज्ज्ञ आणि बॅरिस्टर झाल्यावरही ते पुष्कळ वर्षे परळच्या चाळीतच राहिले. कामगारांचे आजार, बाळंतपणे आणि बालमृत्यू त्यांनी शेजारी म्हणून पाहिले होते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला ठामपणे पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते.

मंत्री झाल्यावर वर्षभरातच कोळशाचे संकट आले. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. रेल्वे, पोलाद आणि दारूगोळ्याचे कारखाने सगळे कोळशावर चालत. कोळसा मुख्यतः बंगाल-बिहारच्या झरिया आणि राणीगंज पट्ट्यातून येई. पण त्याच भागात लष्कराची विमानतळे आणि रस्ते बांधले जात होते. तिथे मजुरी जास्त आणि काम उघड्यावर, म्हणून मजूर खाणी सोडून तिकडे जाऊ लागले. बंगालच्या दुष्काळाने परिस्थिती आणखी बिघडवली. कोळशाचे उत्पादन घसरले.

तेव्हा सरकारने एक वादग्रस्त निर्णय घेतला. स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यावर १९२९ पासून टप्प्याटप्प्याने बंदी येत गेली होती आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली होती. तसा आंतरराष्ट्रीय करारही भारताने १९३८ मध्ये मान्य केला होता. १९४३ च्या उत्तरार्धात ही बंदी तात्पुरती उठवण्यात आली. या खाणींत नवरा-बायको जोडीने काम करत. नवरा कोळसा फोडी आणि बायको तो टोपलीत भरून डब्यापर्यंत वाहून नेई. बायको बरोबर असली की नवराही खाणीत टिकेल, असा सरकारचा हिशेब होता.

खाणीतली हवा दमट आणि धुळीने भरलेली असते. कोळशाचे मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, पण अतिसूक्ष्म कण थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि तिथेच साठतात. शरीर त्यांना बाहेर टाकू शकत नाही. वर्षानुवर्षे फुफ्फुस काळे आणि कडक होत जाते, चार पावले चालले तरी दम लागतो. या आजाराला न्यूमोकोनिओसिस म्हणतात आणि त्यावर आजही बरे करणारे औषध नाही. शिवाय खाणीत शौचाची सोय नसे. ओल्या, घाण जमिनीवर अनवाणी वावरणाऱ्यांच्या तळपायातून अंकुशकृमीच्या अळ्या शरीरात शिरत. हे कृमी आतड्यात राहून रक्त शोषतात. आधीच उपाशी आणि गरोदर असलेल्या बाईच्या बाबतीत याचा अर्थ तीव्र पंडुरोग, कमी वजनाचे मूल आणि बाळंतपणात मृत्यूचा धोका. त्यात मलेरिया होताच.

प्रसूती रजेसाठी भांडलेल्या माणसाच्या खात्याने हा निर्णय घेतला, हे अनेकांना पटले नाही. अखिल भारतीय महिला परिषदेने निषेध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारला धारेवर धरण्यात आले. बाबासाहेबांनी जबाबदारी टाळली नाही. हे पाऊल आणीबाणीपुरते आहे, कायमचे धोरण नाही, अशी भूमिका त्यांनी मांडली. याच निर्णयात स्त्रियांना त्याच कामासाठी पुरुषांइतकीच मजुरी देण्याची अट घातली होती, हेही त्यांनी दाखवून दिले. पण समान मजुरीने खाणीतली धूळ कमी होत नव्हती. टीकाकारांचा हा मुद्दा खरा होता.

त्याआधी, डिसेंबर १९४३ मध्ये, ते स्वतः धनबादला गेले. मजुरांची घरे आणि दवाखाने त्यांनी पाहिले आणि स्त्रिया जिथे कोळसा भरत होत्या त्या खाणीतही ते उतरले. ३१ जानेवारी १९४४ रोजी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर लावायचा आणि तो पैसा मजुरांचे आरोग्य, पाणी, घरे आणि शिक्षण यांवर खर्च करायचा, अशी ही योजना होती. कोळसा वापरणाऱ्याने कोळसा काढणाऱ्याच्या तब्येतीचा खर्च उचलावा, हे त्यामागचे तत्त्व. या निधीतून कोळसा पट्ट्यात मलेरियाविरोधी मोहीम सुरू झाली आणि पुढे धनबाद व असनसोल येथे मोठी रुग्णालये उभी राहिली. जमिनीखाली काम करणाऱ्या स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचा कायदा १९४५ मध्ये अधिक कडक करण्यात आला. १९४६ च्या सुरुवातीला, बाबासाहेब मंत्रिपदावर असतानाच, बंदी पुन्हा लागू झाली.

हे सगळे तातडीचे उपाय होते. मूळ दुखणे वेगळे होते. देशाची बहुतेक ऊर्जा दूरच्या एका कोपऱ्यातल्या खाणींतून, रेल्वेच्या डब्यांतून आणि माणसांच्या पाठीवरून येत होती. यातला एकही दुवा तुटला की सगळे ठप्प होई. ऑक्टोबर १९४३ मध्ये सार्वजनिक बांधकाम व वीज धोरण समितीची पहिली बैठक बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबी हटणार नाही, अशी मांडणी त्यांनी केली. वीज खासगी कंपन्यांच्या हाती असावी की सरकारच्या, हा प्रश्नही त्यांनी तिथे उघडपणे चर्चेला घेतला. १९४४ मध्ये मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले आणि १९४५ मध्ये नद्यांच्या विकासासाठी मध्यवर्ती आयोग.

याच सुमारास दामोदर नदीचा प्रश्न पुढे आला. झरिया आणि राणीगंजच्या खाणी याच नदीच्या खोऱ्यात आहेत. जुलै १९४३ मध्ये दामोदरने बांध फोडला, रेल्वेमार्ग आणि रस्ते पाण्याखाली गेले, कोलकात्याचा संपर्क तुटला. अमेरिकेत टेनेसी खोऱ्यात पूरनियंत्रण, सिंचन आणि जलविद्युत ही कामे एकत्र केली होती. तोच नमुना दामोदरसाठी घ्यावा, असा आग्रह शास्त्रज्ञ मेघनाद साहा धरत होते. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये बंगाल आणि बिहार सरकारांना कोलकात्यात एकत्र बसवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी ओरिसाच्या नद्यांबद्दलही हाच बहुउद्देशीय विचार मांडला. साताऱ्यात नळाला शिवू न दिलेला मुलगा आता देशाच्या मोठ्या नद्यांचे नियोजन करत होता.

दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये कायद्याने अस्तित्वात आले. मूळ आराखड्यात आठ धरणे होती, महामंडळाने त्यातली चारच बांधली. पुढे हेच महामंडळ मुख्यतः कोळशापासून वीज बनवू लागले. ओरिसात महानदीवर हिराकूड उभे राहिले तेव्हा लाखाहून अधिक लोक विस्थापित झाले. पाण्याची वीज धुराविना होते, पण तिचीही किंमत कोणीतरी मोजतोच.

कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा आणि कामगारांच्या आरोग्यविम्याची बी. पी. आडारकर यांनी आखलेली योजना याच काळातली. त्या योजनेतून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. राज्यघटनेतही या अनुभवाशी नाते सांगणारी कलमे सापडतात. कलम २४ चौदा वर्षांखालील मुलांना खाणीत कामाला ठेवण्यास मनाई करते. कलम ३९ समान कामाला समान वेतन आणि कामगार स्त्री-पुरुषांच्या आरोग्याचे रक्षण सांगते. कलम ४२ प्रसूती साहाय्याची तरतूद करायला सांगते.

या काळात त्यांची स्वतःची प्रकृती ढासळत चालली होती. मधुमेह आणि मज्जातंतूंचा विकार यांनी पाय दुखत, रात्री झोप लागत नसे. १९४८ मध्ये त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला आणि पुढची वर्षे त्यांच्या वैद्यकीय देखरेखीत काढली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दामोदर प्रकल्पाचे मैथन धरण त्यानंतर वर्षभराने सुरू झाले.

२०२५ मध्ये भारताच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू आणि तेल यांच्याशिवायची झाली. प्रत्यक्षात बनणाऱ्या विजेचा मोठा भाग अजूनही कोळशाचाच आहे. आज ना उद्या खाणी बंद होतील, तेव्हा त्यांत राबलेल्यांच्या फुफ्फुसांतली धूळ तिथेच राहणार आहे. त्यांच्या उपचारांचा आणि पोटापाण्याचा खर्च कोणी उचलायचा, याचे उत्तर १९४४ च्या वटहुकुमाने एकदा दिले होते. सौर पटलांसाठी जमीन देणाऱ्यांच्या बाबतीतही तेच उत्तर लागू करायला हरकत नसावी.