कापरेकर गुरुजी आणि डेमलो संख्या

बालमित्रांनो, ही संख्या बघा : १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सारखीच! अशा संख्यांना डेमलो संख्या हे नाव देणारे गुरुजी आपल्याच भागात जन्मले.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. तेव्हा डहाणू आपल्या ठाणे जिल्ह्यात होते. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यांच्याकडूनच दत्तात्रेयला आकडेमोडीची गोडी लागली. शिक्षण ठाण्याला आणि मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले. १९२७ साली त्यांना गणिताचे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले.

आपल्या खारबावहून गाडीने दिव्याला गेलं, की पुढे कल्याणच्या बाजूला डोंबिवली येते. त्या स्टेशनाला पूर्वी डेमलो म्हणत. १९२३ साली तिथेच त्यांना या संख्या सुचल्या, म्हणून स्टेशनाचेच नाव त्यांनी संख्यांना दिले.

आता पाटी घ्या. ११ गुणिले ११ बरोबर १२१. १११ गुणिले १११ बरोबर १२३२१. असेच एक-एक १ वाढवत जा. नऊ वेळा १ लिहून त्या संख्येला तिनेच गुणले, की वरची मोठी संख्या मिळते. तिच्या अंकांची बेरीज करा. ८१ येते, म्हणजे नऊ नव्वे! १२१ च्या अंकांची बेरीज ४, म्हणजे दोन दुणे. १२३२१ ची ९, म्हणजे तीन त्रिक. पण दहा वेळा १ घेतला तर मधे हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होते. ते उलटे वाचून सारखे येत नाही. कुठे बिघडलं ते गुणाकार मांडून शोधा.

१९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे कापरेकर गुरुजींनी नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवले. पुष्कळ विद्वानांना त्यांचे काम म्हणजे पोरखेळ वाटे. गुरुजींनी मात्र आकड्यांचा नाद सोडला नाही. स्वतःच्या पैशांनी पुस्तिका छापल्या. ६१७४ या संख्येची गंमतही त्यांनीच शोधली. तिला आज कापरेकर स्थिरांक म्हणतात. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर या लेखकाने एका मासिकात त्यांच्याविषयी लिहिले. तेव्हा जगभर त्यांचे नाव झाले. गुरुजी सत्तरीला आले होते.

१९८६ साली ते वारले. त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती, ना यंत्र. पेन्सिल, कागद आणि चिकाटी होती. तेवढे तर आपल्याकडेही आहे.

आज शाळेत आलेल्या पालकांनो, घरी गेल्यावर मुलांसोबत १११११ चा वर्ग जरूर काढून बघा!