आकाशातून माडांची नाडी पाहणारे डॉ. पिशारोटी

माडाला ‘रूट विल्ट’ हा रोग जडला, तर झाड लगेच मरत नाही. झावळ्यांची पाती मलूल होऊन आत वळतात, पिवळी पडतात आणि वर्षागणिक नारळ कमी लागतात. केरळमध्ये हा रोग १८८२ च्या महापुरानंतर लक्षात आला आणि एकामागून एक वाड्यांत पसरत गेला. त्यावर हमखास औषध नाही. त्यामुळे रोग कुठवर पोहोचला आहे, हे वेळीच कळणे महत्त्वाचे. पण लाखो माड एकेक करून तपासणार कोण? १९७० मध्ये हे काम आकाशातून करून पाहण्यात आले. त्या प्रयोगाचे सूत्रधार होते डॉ. पिशारोथ राम पिशारोटी. भारतातील दूरसंवेदनाचे, म्हणजेच रिमोट सेन्सिंगचे, जनक म्हणून आज ते ओळखले जातात.

त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १९०९ रोजी केरळमधील कोल्लेंगोड येथे झाला. भौतिकशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे महाविद्यालयात अध्यापन केले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधन करत. १९४२ मध्ये ते भारतीय हवामान खात्यात रुजू झाले. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात नामवंत हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांच्याकडे त्यांनी पीएच.डी. केली.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध इथून घट्ट होतो. १९५९ मध्ये मुंबईतील कुलाबा आणि अलिबाग या वेधशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९६२ मध्ये पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले संचालक तेच होते. आज ‘आयआयटीएम’ या नावाने परिचित असलेली संस्था ती हीच. याच काळात त्यांनी मोसमी पावसाच्या पाण्याचा हिशेब मांडला. पश्चिम किनाऱ्यावर कोसळणाऱ्या पावसातील बाष्पाचा मोठा वाटा विषुववृत्तापलीकडून नव्हे, तर अरबी समुद्राच्या बाष्पीभवनातून येतो, असे त्यांनी १९६५ मध्ये मांडले. या वाट्याच्या प्रमाणावर नंतर बराच वाद झाला. पण समुद्राकडे पाहण्याची दिशा त्यामुळे बदलली.

१९६७ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. मात्र ज्या कामामुळे त्यांचे नाव राहिले, ते त्यानंतरचे आहे. डॉ. विक्रम साराभाई यांनी त्यांना अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत बोलावून घेतले. अवकाशविज्ञान शेतकऱ्याच्या आणि सामान्य माणसाच्या उपयोगी पडले पाहिजे, हा साराभाईंचा आग्रह होता. भारताचा स्वतःचा उपग्रह तेव्हा अजून उडालेला नव्हता. म्हणून सुरुवात हेलिकॉप्टरने झाली.

केरळच्या माडबागांवरून हेलिकॉप्टर फिरवून अवरक्त किरण टिपणाऱ्या खास फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली. त्यामागचे विज्ञान सोपे आहे. पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, तर पानाच्या आतील पेशींची रचना जवळचे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. आपल्या डोळ्यांना हे किरण दिसत नाहीत. या फिल्मवर मात्र ते लाल रंगात उमटतात. त्यामुळे निरोगी झाड भडक लाल दिसते. झाड आजारी पडले, पेशींची रचना बिघडली, की हा लाल रंग फिका किंवा काळपट होतो. जमिनीवरची पाहणी आणि वरची छायाचित्रे ताडून पाहिल्यावर रोगट माड आकाशातून वेगळे ओळखता येतात, हे स्पष्ट झाले. त्याच वर्षी पिशारोटी यांना पद्मश्री मिळाली.

१९७१ च्या अखेरीस साराभाईंचे अचानक निधन झाले. पण हे काम थांबले नाही. १९७२ ते १९७५ या काळात पिशारोटी अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात दूरसंवेदन आणि उपग्रह हवामानशास्त्र विभागाचे संचालक होते. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारताचा पहिला कार्यरत दूरसंवेदन उपग्रह सोडण्यात आला, तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. जागतिक हवामान संघटनेचा प्रतिष्ठेचा आयएमओ पुरस्कारही त्यांना लाभला. २४ सप्टेंबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

माडबागेतील ती पद्धत आज साऱ्या निसर्गाला लागू झाली आहे. लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या प्रमाणावरून हिरवाईचा निर्देशांक काढतात. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेची १० मीटर बारकाव्याची प्रतिमा देतात. एवढ्या प्रतिमा माणसांनी पाहून संपणार नाहीत. म्हणून मशीन लर्निंगचा, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकाचा, आधार घेतला जातो. हे जंगल, हे गवताळ रान, ही पाणथळ जागा, अशी हजारो उदाहरणे दाखवली, की न पाहिलेल्या प्रतिमेतही तो त्या ओळखू लागतो.

पण ती उदाहरणे कोणीतरी रानात जाऊनच गोळा करावी लागतात. शिवाय, काय शोधायचे हेही माणूसच ठरवतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार एक हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांचे छत्र १० टक्क्यांहून अधिक असले, की ते वनाच्छादन. मग त्यात फळबागा आणि माडही आले. त्यामुळे एखाद्या डोंगरावरचे जुने जंगल जाऊन तिथे बाग उभी राहिली, तरी वनाच्छादनाचा आकडा तेवढाच राहू शकतो. हा फरक टिपायचा, तर प्रतिमेसोबत जमिनीवरची नोंदही हवी. १९७० मध्ये केरळात छायाचित्रांना अर्थ आला, तो खाली जाऊन माड तपासले गेले होते म्हणूनच.