शेवटून पहिला : कर्नल चार्ल्स यंग

पनामा कालवा कोणी बांधला? क्विझमधला ठरलेला प्रश्न. उत्तर - जॉर्ज गोथल्स. हा गोथल्स कालव्याच्या कितीतरी आधी अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट मिलिटरी अकॅडमीत इंजिनिअरिंग शिकवायचा. १८८९ साली फायनलला एक पोरगा नेमका इंजिनिअरिंगमध्येच गडगडला. बॅच पास होऊन गेली, हा मागे राहिला. गोथल्सने त्याची शिकवणी घेतली, फेरपरीक्षा झाली आणि ३१ ऑगस्टला गडी सुटला. बॅचमध्ये ४९ जण, याचा नंबर ४९ वा. मित्रांनो, समस्त एटीकेटीवाल्यांचा हा आद्यपुरुष! नाव चार्ल्स यंग.

अर्थात त्याची केटी आपल्यासारखी नव्हती. पहिल्या वर्षी गणितात नापास झाल्यामुळे त्याचं आख्खं वर्ष गेलं होतं. त्यात तो काळा. वेस्ट पॉइंटमधून पास झालेला केवळ तिसरा कृष्णवर्णीय. आपल्याकडे रूममेट बोलत नसला तर दोन दिवसांत जीव नकोसा होतो. तिथे बहुतेक सगळं हॉस्टेलच याच्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नसे. अशी पाच वर्षं त्याने काढली.

जन्म १२ मार्च १८६४, केंटकी राज्यातल्या मेज लिक गावी. आईवडील गुलाम, म्हणून पोरही जन्मतः गुलाम. वडील १८६५ साली पळाले आणि गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेच्या सैन्यात तोफखान्यात भरती झाले. मग हे कुटुंब ओहायो राज्यात रिप्लीला आलं. तिथे चार्ल्स शिकला, पियानो-व्हायोलिन वाजवायला लागला, भाषा शिकला. गणित सोडलं तर पोरगा हुशारच होता म्हणायचा!

आता खरी भानगड समजून घ्यायला त्या काळची अमेरिकन फौज बघायला हवी. ९ वी आणि १० वी अशा दोन घोडदळ रेजिमेंट काळ्यांसाठी राखीव होत्या. 'बफेलो सोल्जर्स' म्हणतात ते हेच. शिपाई काळे, अधिकारी मात्र जवळजवळ सगळे गोरे. या रचनेत काळा लेफ्टनंट घातला की पंचाईत होते. त्याला बढती मिळाली की त्याच्या हाताखाली गोरा लेफ्टनंट येणार आणि त्याला सॅल्यूट ठोकावा लागणार! फौजेने यावर साधा उपाय काढला : याला शक्यतो लांब ठेवायचं. कधी कृष्णवर्णीयांच्या विल्बरफोर्स विद्यापीठात शिकवायला, कधी हैतीच्या वकिलातीत, कधी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात. १९०३ च्या उन्हाळ्यात तर त्याला कॅलिफोर्नियातल्या सेक्वॉया नॅशनल पार्कचा कारभार दिला. तिथे पठ्ठ्याने आपल्या शिपायांना आणि मजुरांना हाताशी धरून महावृक्षांच्या जंगलापर्यंत गाड्यांचा रस्ता पोचवला. आधीच्या तीन उन्हाळ्यांत मिळून झालं नव्हतं एवढं काम एका उन्हाळ्यात. इंजिनिअरिंगमध्ये नापास झालेल्याचा हा रस्ता, सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी.

मग आलं १९१६ साल. मेक्सिकोत क्रांतीची धुमश्चक्री चालू होती. ९ मार्चला पांचो व्हिया या बंडखोर सरदाराच्या लोकांनी सीमा ओलांडून कोलंबस नावाच्या अमेरिकन गावावर छापा घातला. त्याला पकडायला जनरल पर्शिंग फौज घेऊन मेक्सिकोत घुसला. त्यात १० वं घोडदळ होतं आणि मेजर यंग त्याच्या एका तुकडीचा प्रमुख होता. (पर्शिंगचं टोपणनाव 'ब्लॅक जॅक'. तो आधी याच काळ्या रेजिमेंटमध्ये होता म्हणून कॅडेटांनी चिडवायला ठेवलेलं, आणि मूळचं नाव याहून घाणेरडं होतं.)

१ एप्रिलला आग्वा कालिएंते इथे यंगने पिस्तुलं उपसून घोडे थेट शत्रूवर घातले. व्हियाचे लोक पांगले, यंगचा एकही माणूस पडला नाही. अकरा दिवसांनी खरी कसोटी आली. १२ एप्रिलला १३ व्या घोडदळाचा मेजर टॉम्पकिन्स सुमारे शंभर गोऱ्या स्वारांसह रसद घ्यायला पाराल गावात शिरला. गाव खवळलं. मेक्सिकन सरकारच्या सैनिकांनीही गोळ्या झाडायला सुरुवात केली. टॉम्पकिन्स स्वतः जखमी झाला आणि लढत लढत सांताक्रूझ दे व्हियेगास या वस्तीत मागे सरकला. पाठीवर कितीतरी जास्त शत्रू. त्याने मदतीसाठी स्वार पिटाळले. अंधार पडायच्या सुमारास धुळीतून जी पलटण आली ती १० व्या घोडदळाची होती. कर्नल ब्राऊन प्रमुख, सोबत मेजर यंग आणि मागे सगळे काळे स्वार. त्यांना बघून शत्रू पुढे सरकलाच नाही. टॉम्पकिन्सला इतका आनंद झाला म्हणतात, की एरवी ज्यांच्या पंक्तीला तो बसला नसता त्या प्रत्येकाला मिठी मारायची त्याची तयारी होती.

त्या संध्याकाळी कुणाचा रंग कुणी विचारला नाही. जीव वाचवताना काळा चालतो. हुकूम देताना? त्याचं उत्तर वर्षभरात मिळालं.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. यंग तोवर लेफ्टनंट कर्नल झाला होता. फौज वाढणार म्हणजे तो ब्रिगेडियर होणार, हे उघड दिसत होतं. त्याच रेजिमेंटमधल्या मिसिसिपीच्या एका गोऱ्या लेफ्टनंटला हे सहन होईना. काळ्याचा हुकूम पाळणं जमणार नाही, अशी तक्रार त्याने आपल्या राज्याचा सिनेटर जॉन शार्प विल्यम्स याच्याकडे केली. सिनेटरने ती राष्ट्राध्यक्ष विल्सनकडे नेली, विल्सनने युद्धमंत्री बेकरला लिहिलं. एका ज्युनिअरची कुरकुर किती वर पोचली बघा! इकडे मेडिकल बोर्डाने यंगला रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार असल्याचं सांगितलं. त्याला कर्नलपद दिलं आणि निवृत्त केलं.

डॉक्टर खोटं बोलत नव्हते, रोग होता. पण यंगला तो मान्य नव्हता. जून १९१८ मध्ये, चौपन्नाव्या वर्षी, तो ओहायोतल्या घरून घोड्यावर बसला आणि ४९७ मैल कापून १६ दिवसांत वॉशिंग्टनला हजर झाला. मध्ये मध्ये घोड्याला आराम म्हणून पायीही चालला. म्हणजे जवळपास ८०० किलोमीटर! आपण इथे लॅबला जायला लिफ्ट शोधतो. युद्धमंत्र्यासमोर तो धडधाकट उभा राहिला, तरी आदेश निघाला ६ नोव्हेंबरला. पाच दिवसांनी युद्ध संपलं. तोवर सुमारे २ लाख कृष्णवर्णीय सैनिक युरोपला गेले होते. बहुतेकांना बंदुकीऐवजी हमालीचं काम, आणि त्यांचा सर्वांत वरिष्ठ कृष्णवर्णीय अधिकारी मात्र ओहायोत बसून.

यापुढचा भाग मला सर्वांत जास्त खटकतो. रोगी म्हणून ज्याला फ्रान्सला पाठवलं नाही, त्यालाच युद्धानंतर लायबेरियाला पाठवलं. आधीच्या मुक्कामात तिथल्या तापाने तो मरता मरता वाचला होता, तरीही. तिथे त्याच्या हाताखाली गोरा लेफ्टनंट येणार नव्हता ना! ८ जानेवारी १९२२ ला, कामावर असतानाच, नायजेरियातल्या लागोसमध्ये तो मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. ब्रिटिशांनी लष्करी इतमामात दफन केलं. १९२३ मध्ये त्याला मायदेशी आणून आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरलं.

यंगने ज्याला अधिकारीपदाच्या परीक्षेसाठी तयार केलं होतं, तो बेंजामिन डेव्हिस १९४० साली अमेरिकन फौजेतला पहिला कृष्णवर्णीय जनरल झाला. यंगचं स्वतःचं ब्रिगेडियर जनरलपद, तेही मानद, २९ एप्रिल २०२२ ला वेस्ट पॉइंटच्या आवारातच त्याच्या नातेवाइकांच्या हाती सोपवण्यात आलं.